आधी पिशवी, मग उंबरठा: शुगर ग्लायडर माणसाळवून बाहेर नेण्याची रीत

शुगर ग्लायडर हा खारीसारखा दिसणारा, झाडांवर राहणारा छोटा प्राणी. तो माणसाळला की दिवसा गळ्यातल्या पिशवीत निजून राहतो, रात्री कपाटावरून झेप घेऊन थेट छातीवर उतरतो आणि मानेपाशी केसांत शिरून बसतो. धीराने घेतलं तर हे बहुतेकांना साधतं. पण याच माणसाळलेल्या ग्लायडरला उघड्या खांद्यावर बसवून सोसायटीच्या बागेत नेलं आणि जवळच कावळा ओरडला किंवा रिक्षाचा हॉर्न वाजला, तर तो तुमच्या कुशीत शिरेलच असं नाही. घाबरलं की वर पळायचं, हे त्याच्या रक्तात आहे. तुमच्या डोक्यावरून बुंध्यावर आणि बुंध्यावरून शेंड्यावर जायला त्याला काही क्षण पुरतात. कुत्र्यामांजरांसारखी घरची वाट त्याला ठाऊक नसते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पिशवीचा लळा, मग तुमचा, आणि उंबरठ्याबाहेर पिशवीची चेन कायम बंद.

पिशवीच का

दिसायला खारीसारखा असला तरी हा खारीच्या कुळातला नाही. कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. जंगलात ग्लायडरांचं कुटुंब झाडाच्या ढोलीत पानांच्या गादीवर एकमेकांना बिलगून दिवसभर झोपतं आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतं. आपला कोण, परका कोण हे ते वासावरून ठरवतात. नराच्या टाळूवर जो टकलासारखा डाग दिसतो तो रोग नाही, ती वासाची ग्रंथी आहे. ती घासून तो घरच्या मंडळींना आपला वास लावतो.

या दोन गोष्टींवर आपलं सगळं काम उभं आहे. कापडी पिशवी ही ढोलीची जागा घेते आणि अंगाचा वास ओळखीची. ग्लायडरने तुमचा वास झोपेशी, उबेशी आणि अंधाराशी जोडला की अर्धं काम झालं.

आणण्याआधी

एकटा ग्लायडर आणू नका, जोडीच आणा. ‘एकटा असला की माणसाला लवकर चिकटतो’ असं विक्रेते सांगतात, पण एकटेपणाने हा प्राणी झुरतो, स्वतःचे केस उपटतो, कधी शेपूट किंवा पाय चावून जखमी करून घेतो. जोडीतले दोघेही माणसाळतात; उलट एक धीट झाला की दुसरा त्याचं बघून पुढे येतो. नर-मादी असतील तर नराचं खच्चीकरण आधीच करून घ्या.

पिल्लू आईच्या पिशवीतून बाहेर आल्यावर आठ ते बारा आठवड्यांचं असेल तेव्हा घरी आणावं. त्याआधी आणलं तर ते आईवेगळं जगवणं अवघड जातं. मोठं जनावरही माणसाळतं, फक्त त्याला आठवड्यांऐवजी महिने द्यावे लागतात. पूर्ण वाढलेल्या ग्लायडरचं वजन साधारण ८० ते १६० ग्रॅम असतं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा पहिल्याच दिवशी घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. शंभर ग्रॅमच्या जिवाचं दहा ग्रॅम वजन घटणं ही मोठी गोष्ट आहे.

विदेशी प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आधी शोधा, जनावर नंतर आणा. खरेदीची पावती मागून घ्या. आपल्या जंगलातली उडती खार कुणी ‘ग्लायडर’ म्हणून विकत असेल तर हात लावू नका. ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते आणि तिला घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशात राहणाऱ्यांनीही चौकशी करावी. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ग्लायडर पाळता येतो, पण कॅलिफोर्निया, हवाई आणि अलास्कामध्ये बंदी आहे. बदली होऊन कॅलिफोर्नियाला जायची शक्यता असलेल्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

पिशवी शिवून घेताना

बाजारात तयार पिशव्या मिळतात, पण गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली पिशवी जास्त चांगली होते, कारण आतलं काम तुम्ही डोळ्यांनी तपासू शकता. दोन ग्लायडरांसाठी १८ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर खोल पुरे. याहून मोठी पिशवी चालताना हेलकावे खाते आणि आतले जीव इकडून तिकडे आदळतात.

आतलं अस्तर फ्लीसचं, म्हणजे दोऱ्यांचे फास नसलेल्या मऊ, उबदार कापडाचं हवं. टर्किश टॉवेलचं कापड अजिबात नको. ग्लायडरचं नख जवळून पाहिलंत तर कारण कळेल: मेथीदाण्याच्या निम्म्याएवढं, पण गळासारखं आत वळलेलं. टॉवेलच्या दोऱ्यांच्या फासात ते एकदा अडकलं की जनावर सुटायला झटके देतं, आणि त्या झटक्यात नख उपटतं किंवा बोट निखळतं. याच कारणासाठी आतल्या बाजूला ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडेवर घातलेली दोऱ्यांची शिलाई, दिसता कामा नये. त्या शिलाईचे दोरेही फासासारखेच असतात. शिंप्याला सांगा की फ्लीस आणि बाहेरचं जाड सुती कापड उलटं ठेवून शिवायचं आणि मग पलटायचं, म्हणजे सगळ्या शिलाया दोन थरांच्या मध्ये जातील. हातात आल्यावर पिशवी उलटी करून बोटाच्या टोकाने प्रत्येक कोपरा चाचपा. एखादा दोरा लोंबत असेल तर कात्रीने मुळाशी कापा.

चेन चांगल्या जाड दातांची घ्या आणि तिच्या आतून तीन सेंटिमीटर रुंद फ्लीसची पट्टी लावून घ्या. पट्टी नसेल तर चेन ओढताना शेपटीचे केस किंवा अंगाच्या कडेचा पातळ पडदा दातांत सापडतो. हा पडदा पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत असतो, झेपेची सगळी मदार त्यावर असते, आणि तो फाटला तर टाके घालावे लागतात. आता सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट: ग्लायडर नाकाने चेन ढकलून उघडतो. नाक जाईल एवढी फट मिळाली की पुढचं काम त्याला सोपं असतं. म्हणून चेन जिथे बंद होते तिथे कापडाची एक लूप शिवून घ्या आणि चेन ओढायची पट्टी तिच्यात छोट्या हुकाने अडकवा.

हवेसाठी वरच्या तिसऱ्या भागात पाच बाय आठ सेंटिमीटरची बारीक, कडक जाळी लावा. मच्छरदाणीचं मऊ कापड नको, नखं अडकतात. पट्टा तीन सेंटिमीटर रुंद ठेवा आणि त्याची लांबी अशी ठेवा की पिशवी छातीच्या मधोमध टेकेल. कमरेशी लोंबणारी पिशवी टेबलाच्या कडेला, रिक्षाच्या दांड्याला, दाराच्या कडीला आपटते.

पिशव्या निदान दोन हव्यात, पण दोन्ही एकदम धुवायच्या नाहीत. एक धुवायला गेली तरी दुसरीत ओळखीचा वास शिल्लक राहिला पाहिजे. साबण बिनवासाचा, आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको.

पहिले तीन-चार दिवस

घरी आल्यावर त्यांना हात लावायची घाई करू नका. पिंजरा शांत खोलीत, छातीच्या उंचीवर, खिडकीच्या झोतापासून लांब ठेवा. खोलीचं तापमान २४ ते २७ अंशांच्या आसपास राहिलं की ते सुखात असतात. एक जुना सुती टी-शर्ट दोन रात्री अंगात घालून झोपा, त्याचे तळहाताएवढे तुकडे करा आणि एक तुकडा त्यांच्या झोपायच्या पिशवीत ठेवा. टी-शर्ट कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवलेला नसावा. नॅप्थॅलीन या जिवांना विषारी आहे आणि तो वास कापडात मुरलेला असतो. अत्तर, पावडर, हाताला लावायचं सुगंधी क्रीम हे सगळंही या काळात बाजूला ठेवा. पिंजऱ्याच्या खोलीत उदबत्ती, धूप आणि डास मारायची कॉइल लावू नका.

या दिवसांत एक आवाज ऐकू येईल आणि पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. बिघडलेल्या छोट्या मोटरीसारखी, चढत जाणारी कर्कश घरघर. पाळणारे याला क्रॅबिंग म्हणतात. एवढ्याशा देहातून एवढा मोठा आवाज निघतो, पण अर्थ इतकाच की ‘मला भीती वाटते, लांब राहा’. रात्री कुत्र्याच्या पिल्लासारखं भुंकणं ऐकू आलं तर ते वेगळं. ते एकमेकांना हाका मारणं आहे, त्यात काळजीचं काही नाही.

दिवसा पिशवीत, अंगावर

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी, दोघे झोपलेले असताना, पिंजऱ्यातली पिशवी त्यांच्यासकट अलगद उचला आणि गळ्यात घाला. युक्ती इतकीच आहे: ग्लायडरला पकडायचंच नाही. रोज पकडून पिशवीत कोंबलेला ग्लायडर पिशवीला पिंजरा समजतो, आणि झोपेतच उचललेला ग्लायडर तिला घर समजतो. म्हणून पिंजऱ्यात टांगलेली झोपायची पिशवी आणि गळ्यात घालायची पिशवी एकच ठेवा.

पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. मग रोज थोडं वाढवत दोन-तीन तासांवर आणा. घरातली साधी कामं करा, फोनवर बोला, पुस्तक वाचा. तुमचा आवाज, श्वासाची लय, अंगाची ऊब हे सगळं आतल्यांना पोचत असतं. स्वयंपाक मात्र पिशवी गळ्यात घालून करू नका. फोडणीचा ठसका आणि तव्याची आच दोन्ही त्यांना सोसत नाहीत.

उचलल्यावर घरघर सुरू झाली तर पिशवी घाईने परत ठेवू नका. परत ठेवलीत की त्याला कळतं, ओरडलं की हे माणूस सोडून जातं. हात पिशवीवर बाहेरून स्थिर ठेवा आणि वाट पाहा. बहुतेक वेळा दोन-पाच मिनिटांत आवाज थांबतो. थांबल्यावर आणखी दहा मिनिटं बसा, मग ठेवा.

चार-पाच दिवस असं झालं की हात आत घालायला सुरुवात करा. वरून नाही, बाजूने किंवा खालून. वरून येणारी कुठलीही गोष्ट त्याच्या लेखी घुबड असते. आधी बंद मूठ आत ठेवून द्या, हलवू नका, त्याला हुंगू द्या. मूठ चाटली गेली किंवा तिला टेकून झोप लागली की मग बोटं उघडा आणि एका बोटाने हनुवटीखाली, कानामागे हळू खाजवा. शेपूट कधीही धरायची नाही.

चाटण्याची चटक

खाऊ पहिल्यांदा चमच्याच्या पाठीवरून द्या, बोटावरून नाही. बोटाच्या टोकाला मध लावून दिला तर बोटच खाऊ वाटतं आणि चावा बसतो. मग लोक म्हणतात, ग्लायडर चावरा आहे. चमच्यावर आठवडाभर शांतपणे चाटायला लागला की तळहाताच्या सपाट भागावर द्या, बोट सगळ्यात शेवटी. साधं ताजं बिनसाखरेचं दही, तेवढ्याच पाण्यात पातळ केलेला मध, किंवा बिनसाखरेचा सफरचंदाचा गर यातलं काहीही चालतं. एका जिवाला दिवसाला पाव चमचा आणि त्याबरोबर दोन-तीन मीलवर्म (खाऊ म्हणून मिळणाऱ्या अळ्या), याहून जास्त नको.

प्रमाण आवरायचं कारण लाडाचं नाही, हाडाचं आहे. मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असतं. खाऊवरच पोट भरायला लागलं की रोजचा समतोल आहार न खाता तसाच उरतो, हाडांतलं कॅल्शियम निघून जातं आणि एक दिवस मागचे पाय लुळे पडलेले दिसतात. पाय ओढत चालणारा ग्लायडर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचा, ‘उद्या बघू’ करायचं नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो, चहा, कॉफी यांचा कणही नको.

खाऊ देताना दर वेळी आधी एकच आवाज करा, जिभेची टकटक किंवा डबीचा खुळखुळाट, जो तुम्हाला कुठेही करता येईल असा. आवाज, मग खाऊ, रोज रात्री पाच-सहा वेळा. याचा उपयोग पुढे होणार आहे.

चावला तर हात झटकू नका, ओरडू नका, तोंडावर फुंकर मारू नका. झटकलेला हात त्याला सांगतो की चावलं की संकट टळतं. हात जागच्या जागी धरून ठेवा. दातांनी हलकं चाचपणं आणि भीतीने मारलेला चावा यात फरक आहे. पहिल्यात तो दातांनी पकडून मग चाटतो, तिथे काही करायचं नाही. दुसऱ्यात तो मागे सरकून, पुढचे दोन्ही पंजे उचलून झेपावतो. तसं झालं तर तुम्ही एक पायरी लवकर चढलात, दोन दिवस मागे या. हातमोजे घालणं टाळा. त्यात हाताची ऊब आणि वास दोन्ही जातात, शिवाय पकड किती घट्ट आहे ते तुम्हाला कळत नाही. लागलंच तर फ्लीसचा तुकडा हातावर घ्या.

तंबूतली बैठक

मुलांच्या खेळण्याचा, तळ असलेला आणि चेनने बंद होणारा कापडी तंबू मिळतो, तो यासाठी उत्तम. घडीची मच्छरदाणी दिसायला सोयीची असते, पण नखं अडकायचा तोच धोका. तंबू नसेल तर कोरडी न्हाणीघर-खोली चालेल. बादल्या रिकाम्या, कमोडचं झाकण बंद, एक्झॉस्ट फॅनचं भोक झाकलेलं आणि फिनेलचा वास नसलेली. आपल्याकडे भरून ठेवलेली बादली ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ग्लायडरला तिच्या गुळगुळीत कडेवरून वर येता येत नाही.

रात्री नऊ ते अकराच्या सुमारास पिशवी घेऊन आत जा, मांडी घालून बसा आणि पिशवी उघडून मांडीशी ठेवा. मग काही करू नका. आधी फक्त नाक बाहेर येतं, थरथरत. कान एकेक करून वेगवेगळ्या दिशांना वळतात. मग एकदम धूम: तंबूच्या भिंतीवर, छताला, खाली, तुमच्या गुडघ्यावरून, पाठीवरून. या घडीला तुम्ही त्याच्यासाठी एक फांदी आहात, आणि तसंच राहायचं. हात पुढे केलात की फांदी हलते आणि तो पळतो. पाचव्या-सहाव्या दिवशी कधीतरी तो तुमच्या मांडीवर थांबतो, पुढचे पंजे जोडून त्यात शिंकल्यासारखं करतो आणि ते पंजे तोंडावरून फिरवून अंग साफ करू लागतो. ही शिंक आजाराची नाही, ती त्याची आंघोळ आहे. तुमच्या अंगावर बसून आंघोळ करणारा ग्लायडर तुम्हाला धोका मानत नाही, हे नक्की समजा.

पाऊण तासाने टकटक करा, खाऊ पिशवीच्या तोंडाशी आणि मग पिशवीच्या आत द्या. तो आपण होऊन आत गेला पाहिजे. बैठकीचा शेवट रोज पिशवीतच होऊ द्या.

तंबूत महिनाभर नीट गेलं की एक बंद खोली. पंखा बंद करून रेग्युलेटरवर चिठ्ठी लावा, कारण फिरत्या पंख्याकडे झेपावलेला ग्लायडर वाचत नाही. खिडक्या बंद, एसीच्या पाइपचं भोक बुजवलेलं, कपाटामागची फट कापडाने भरलेली, उंदरांचा चिकट सापळा घरात कुठेच नाही, मांजर आणि कुत्रा दुसऱ्या खोलीत. दारावर आतून कडी, म्हणजे कुणी अचानक दार उघडणार नाही. इथे टकटक करून त्याला आधी हातभर अंतरावरून, मग कपाटावरून बोलवा. छाती पुढे करून स्थिर उभे राहा. झेप घेताना तो डोकं वर-खाली करून अंतर मोजतो, त्या वेळी तुम्ही सरकलात तर तो चुकतो आणि पुन्हा झेप घ्यायला घाबरतो.

मागे का पडतं

नवा साबण, घरात आलेला पाहुणा, बदललेली खोली, जोडीदाराचं आजारपण यांपैकी कशानेही आधी जमलेलं बिघडतं. तेव्हा पुन्हा दुपारच्या पिशवीपासून सुरू करा, या वेळी लवकर जमतं. एरवी शांत असणारा अचानक चावू लागला, वजन घटलं, शेपटीच्या मुळाशी केस गेले किंवा जुलाब झाले, तर त्याला वागणुकीचा दोष मानू नका. ताजी विष्ठा घेऊन डॉक्टरकडे जा. जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) तपासणं सोपं असतं. हाताळल्यावर स्वतःचे हात धुवायचे, हे मुलांनाही शिकवा.

बाहेर नेण्यायोग्य कधी

तीन गोष्टी सलग दोन आठवडे जमल्या पाहिजेत. दिवसा तीन तास तो बंद पिशवीत घरघर न करता झोपतो. बंद खोलीत दहापैकी निदान आठ वेळा हाकेला येतो. आणि घरात कुकरची शिट्टी झाली, दाराची बेल वाजली, तर पिशवीच्या तोंडाकडे न धावता तळाशी जातो. तिसरी खूण सगळ्यात मोलाची. घाबरल्यावर आत जाणं हे पिशवीने ढोलीची जागा घेतल्याचं लक्षण आहे. ती खूण दिसत नसेल तर थांबा, बाकीचं कितीही चांगलं असलं तरी.

बाहेर न्यायचं ते दिवसा, त्याच्या झोपेच्या वेळी. लोकांना वाटतं रात्री तो जागा असतो, तेव्हा फिरवावं. पण जागा ग्लायडर बाहेर पडायला धडपडतो आणि झोपलेला तुमच्या छातीशी पडून राहतो. शिवाय त्याचे मोठे डोळे अंधारासाठी घडलेले आहेत, भर उन्हात उघड्यावर काढल्याने त्याला काहीच मिळत नाही.

चढण अशी: पहिल्यांदा इमारतीचा जिना आणि लिफ्ट, दहा मिनिटं. मग खाली आवारात एक फेरी. मग गाडीत बसून इंजिन चालू-बंद. मग ओळखीच्या एका घरी अर्धा तास, जिथे कुत्रं-मांजर नाही. प्रत्येक पायरी दोन-तीन वेळा करा आणि घरी आल्यावर तो रात्री नेहमीसारखा खातो का ते पाहा. जेवण टाकलं तर पायरी फार मोठी होती. सरावलेल्यालाही एकूण दोन-तीन तासांहून जास्त नको, आणि जोडी नेहमी एकत्रच न्या.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. बाहेर ३२ अंशांच्या वर पारा असेल तर नेऊ नका. म्हणजे विदर्भात आणि मराठवाड्यात मार्चपासून पावसापर्यंत दुपारी नाहीच, आणि कोकणातल्या दमट हवेत त्याहीआधी थांबा. तुमच्या अंगाची ऊब, फ्लीस आणि बंद चेन मिळून पिशवीत बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. हात आत घालून पाहा: अंग लांब ताणून, पाय पसरून पडलेला ग्लायडर तापलेला आहे. लगेच सावलीत, पंख्याखाली न्या आणि काकडीचा काप चाटायला द्या. पंजांच्या तळव्यांना ओलं गार फडकं लावा, बर्फ नको. पाच मिनिटांत तरतरी आली नाही तर डॉक्टर गाठा. थंडीत उलट होतं, अंग गार आणि ढिलं पडतं. तेव्हा त्याला कपड्यांच्या आत उबेशी धरून हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरला फोन करा.

दुचाकीवर नेऊ नका. वारा, हादरे आणि ब्रेक मारताना पोटाशी दबणारी पिशवी, तिन्ही वाईट. गाडीत पट्टा पिशवीवरून जाणार नाही असा बसा आणि गाडी दुसऱ्या कुणी चालवू द्या. गणपतीत ढोलताशाच्या दिवसांत आणि दिवाळीत फटाक्यांच्या आठवड्यात पिशवी घरीच राहू द्या. बरोबर एक दुसरी पिशवी, सफरचंदाचे आणि काकडीचे दोन काप, खाऊची डबी, पाण्याचा छोटा ड्रॉपर, फ्लीसचा तुकडा आणि डॉक्टरचा नंबर एवढं सामान पुरतं. कुणी ‘जरा दाखवा ना’ म्हणालं तर जाळीतून दाखवा.

पट्टा आणि हार्नेस

ग्लायडरच्या मापाचे हार्नेस विकत मिळतात. आमचं मत स्पष्ट आहे: वापरू नका. घट्ट बांधला तर बगलेतला पडदा घासून जखम होते, सैल बांधला तर तो अंग आकसून दोन सेकंदांत बाहेर पडतो, आणि मधलं माप नसतंच. झेप घेतली आणि दोरी ताणली तर सगळा झटका शंभर ग्रॅमच्या मणक्यावर येतो. शेपटीला बांधायचं तर नावही काढू नका.

सुटलाच तर

आधी जागेवर थांबा आणि नजर त्याच्यावरून काढू नका. दुसऱ्या कुणाला पिंजरा आणि त्याचा जोडीदार आणायला पाठवा. धावलात, टाळ्या वाजवल्या, फांदी हलवली की तो आणखी वर जाईल किंवा दुसऱ्या झाडाकडे झेप घेईल, आणि ग्लायडरची एक झेप पन्नास मीटरपर्यंत जाऊ शकते. घारी आणि कावळे दिवसा फिरत असतात, म्हणून कुणी वर हाकलू नये याची काळजी घ्या.

‘झाडावरचा प्राणी आहे, जगेल’ अशी समजूत करून घेऊ नका. बहुतेक पाळीव ग्लायडर बाहेर काही दिवसही काढत नाहीत. आणि जगले तरी ते स्थानिक पाखरांच्या जिवावर. टास्मानियात माणसांनी नेलेले शुगर ग्लायडर ढोल्यांत शिरून स्विफ्ट पॅरट नावाच्या दुर्मीळ पोपटांची अंडी, पिल्लं आणि अंड्यांवर बसलेल्या माद्याही खातात. तो पोपट आज नामशेष होण्याच्या काठावर आहे.

दिवसा तो बहुधा सुटल्या जागेच्या आसपासच एखाद्या फटीत किंवा दाट पानांत दडून झोपतो. अंधार पडायच्या आधी जोडीदाराचा पिंजरा झाडाखाली, मांजरं पोचणार नाहीत अशा उंचीवर ठेवा, पाळतीला माणूस बसवा. त्याची न धुतलेली पिशवी तोंड उघडं ठेवून लांब काठीला बांधा, आत मीलवर्म आणि मध ठेवा आणि काठी फांदीला टेकवा. जोडीदार भुंकून हाका मारतो, त्याला मारू द्या. आजूबाजूच्यांना दिवे आणि आवाज कमी करायला सांगा. मग तीच रोजची टकटक, थांबून थांबून. तो येतो तो बहुतेक वेळा तुमच्या हातावर नाही, पिशवीत. शेपूट आत जाऊन कापड तळाशी जड झालेलं दिसेल. काठी सरळ खाली घ्या, पिशवीचं तोंड मुठीत आवळा, चेन ओढा, हूक अडकवा, आणि मगच वाकून आत काय अवस्था आहे ते पाहा.